रामहरी बेलीफ आणि चार्जातले साहेब

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात टँकर आला की वडवणीतली आमची गल्ली घागरी घेऊन बाहेर पडायची, आणि रामहरी बेलीफ आले की तीच गल्ली आतून कडी लावून बसायची. बिचाऱ्यांचा दोष इतकाच, की कोर्टाचे कागद ते पत्त्यावर नेऊन द्यायचे. सत्तावीस वर्षं नोकरी झाली, पण गावात कुणी आपण होऊन चहा विचारला नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजारचा माणूस आधी त्यांच्या कातडी पिशवीकडं बघायचा आणि मग वरणभाताकडं. रामहरींना त्याचं काही नव्हतं. त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा, हाती घेतलेला कागद बजावल्याशिवाय राहत नाही. कडब्याच्या गंजीवर चढलेल्याला बजावला. न्हाणीत लपलेल्याला दाराबाहेरून गोड बोलून बजावला.

हा सगळा अभिमान सत्यभामाच्या एका कागदानं धुळीला मिळवला.

सत्यभामा गल्लीच्या टोकाला शिवणकाम करायची. नवरा राधाकिशन सरकारी हापिसात मोठा कारकून. टँकर कुठं पाठवायचे ते तिथंच ठरायचं. त्यानं तिला नांदवलं नाही, म्हणून कोर्टानं पोटगी बांधून दिली. त्यानं ती दिली नाही, म्हणून कोर्टानं दर महिन्याला पगारातून कापायचा हुकूम काढला. आता राहिलं काय, तर हुकूम हापिसात पोचवायचा. कोर्टापासून हापीस पाच मिनिटांवर. रामहरींचे तीन महिने गेले.

कारण कायदा. साध्या माणसाला कागद द्यायचा तर माणूस शोधायचा. सरकारला द्यायचा तर आधी सरकार नेमकं कुठल्या खुर्चीत बसलंय ते शोधावं लागतं. पगारजप्तीचा हुकूम पगार काढणाऱ्या साहेबाच्याच हातात पडला पाहिजे. शिपायाला दिला तर शिपायाला मिळाला, टेबलावर ठेवला तर टेबलाला मिळाला, सरकारला नाही. आणि साहेब दुष्काळात गुंतलेले. पहिल्या खेपेला ते टंचाईच्या दौऱ्यावर होते, दुसऱ्या खेपेला टंचाईच्या बैठकीला, तिसऱ्या खेपेला जनावरांच्या छावणीवर. दुष्काळ असा कडक, की हापिसात साहेबाचासुद्धा टिपूस नव्हता.

हा कायदा रामहरींना समजावून सांगायला होता कोण? खुद्द राधाकिशन.

"रामहरी, काहून चपला झिजवता? पगार काढणारा साहेब, न्हाईतर त्याचा चार्ज ज्याच्याकडं हाय तो. दोघांशिवाय कुणी हात लावू शकत न्हाई. मी घेतला असता हो, पण कायदा आडवा येतो!"

"मग चार्ज कुणाकडं हाय?"

"कुणाकडंच न्हाई. साहेब चार्ज खिशात घालूनच फिरतेत."

असा हा कायद्याचा पुतळा कर्मचाऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेचा संचालकही होता. संस्थेतून उचललेल्या फ्रिजचा हप्ता दर महिन्याला त्याच्या पगारातून मुकाट कापला जायचा. त्याला ना बेलीफ लागला, ना साहेब. सहकाराची हीच तर मजा. फ्रिज संस्थेचा होता, बायको कुठल्याच संस्थेची नव्हती.

मे संपता संपता बातमी आली, राधाकिशननं पुण्याकडं बदली लावून घेतली, एकतीसला सुटणार. तो गेला की हा हुकूम रद्दीत. नवं हापीस, नवे साहेब, नवे दौरे, सगळं पहिल्यापासून. सत्यभामाचे चार वर्षांचे हेलपाटे पाण्यात म्हणावं, तर पाणीही नव्हतं.

अठ्ठावीसला सकाळी रामहरी तिला हे सांगायला गल्लीत शिरले. टँकर उभाच होता.

"बेलीफ आले गं बायांनो!" केसरबाई ओरडली. "घागरी झाका, जप्त करतेत!"

हसणं थांबेपर्यंत रामहरी खाली बघत राहिले. सत्यभामा घागर ठेवून पुढं आली.

"दादा, परत आला न्हवं कागद?"

"साहेब गावलेच न्हाईत. आता तर म्हणं रजेवर गेलेत, महाबळेश्वरला."

"साहेब न्हाईत तर मग ह्या चिठ्ठीवर सही कुणाची?" तिनं टँकरच्या काचेवर चिकटवलेल्या खेपेच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "ही शेपूट मी वळखते. चार वर्षं तारीख वाढवून मागायच्या अर्जावर हीच बघितली."

रामहरींनी चष्मा लावला. सही राधाकिशनची होती, आणि खाली गोल शिक्क्यात 'प्रभारी अधिकारी'.

भानगड अशी, की साहेबांची रजा मंजूर झाली आणि पगाराच्या बिलावर सही करायला कुणी उरलं नाही. सही नाही तर राधाकिशनचा शेवटचा पगार नाही, बदलीचा भत्ता नाही. म्हणून त्यानंच चार दिवसांचा चार्ज हौसेनं मागून घेतला होता.

रामहरी हापिसात गेले तेव्हा राधाकिशन पांढरा टॉवेल टाकलेल्या खुर्चीत मागं रेलून बसला होता. शिपाई सटवा त्याला दर वाक्यात दोनदा साहेब म्हणत होता.

"या रामहरी! साहेब रजेवर हायेत."

"नमस्कार साहेब," रामहरी म्हणाले.

"मला काय साहेब म्हणता?"

"शिक्का म्हणतोय. पगार काढणारा, न्हाईतर चार्ज असलेला. तुमीच शिकवलंत." त्यांनी हुकूम पुढं सरकवला.

राधाकिशन खुर्चीतून उठायला लागला. "मी घेणार न्हाई!"

"नका घेऊ. दोन पंच बोलावतो, 'साहेबांनी नाकारला' लिहितो. मग कोर्ट सरकारला धरतं, आन सरकार साहेबाच्या खिशाला. पैसे कारकुनाचे गेले का साहेबाचे, ते तुमी घरी बसून ठरवा."

"पंच म्हणून मी चालंल का, साहेब?" सटवानं इतक्या भोळेपणानं विचारलं, की नक्की कुणाला विचारलं ते कळेना.

राधाकिशननं सही केली. साहेब म्हणून हुकूम घेतला, बिलात कारकुनाची कपात लिहिली, आणि पुण्याला न्यायच्या शेवटच्या पगाराच्या दाखल्यावर तीच कपात स्वतःच्या हातानं चढवली, म्हणजे ती तिथंही त्याच्या मागोमाग जाणार.

कोर्टात द्यायच्या अहवालात रामहरींनी वेळ घातली आणि खाली लिहिलं: 'हुकूम साहेबांना समक्ष बजावला. साहेब सदर कर्मचाऱ्यास चांगले ओळखतात.'

जूनच्या पगारातून पुण्याहून पोटगी आली. सत्यभामानं रामहरींना ओसरीवर बसवून चहा पाजला आणि कपातीचा कागद दाखवला. तिचं नाव दुसऱ्या ओळीत होतं. पहिल्या ओळीत फ्रिजचा हप्ता. तेवढा मान सहकाराला द्यावाच लागतो.