पडद्यावरचा किल्ला आणि धारूरचं भुयार

धारूरला जायचं ठरलं ते शाळेच्या व्हरांड्यात, आणि रागात ठरलं. हौसेनं फिरणारी बाई मी नव्हे. तुम्हाला तो किल्ला बघायचा असेल तर वाट, गाडी, भाकरतुकडा सगळं सांगते, पण आधी भांडण ऐकावं लागेल. मी दुसरीपर्यंत शिकलेली. लिहिण्यात चुकलं-माकलं तर वैशू, माझी नात, दुरुस्त करते.

ती तेव्हा सातवीत होती. उमापुरात एसटीडीचा पिवळा बोर्ड नुकता लागला होता आणि आमच्या किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या होत्या. रोज काहीतरी नवीन यायचं आणि विकणारा म्हणायचा, एकदा वापरून बघा. त्याच धर्तीवर शाळेनं निरोप धाडला: यंदा सहल नाही, पोरांना गेवराईला कॉम्प्युटरवर देशातले किल्ले दाखवणार. इतिहास डोळ्यांपुढं उभा राहणार. पोरींसोबत एक बाई पाहिजे होती. मी म्हणलं, मीच येते. पैसे घेऊन काय दाखवतात ते बघावं तरी.

गेवराईच्या त्या क्लासात चपला बाहेर काढायला लावल्या, देवळात काढतात तशा. खिडक्यांना पडदे. चाळीस पोरं आणि एक कॉम्प्युटर. टाय लावलेला एक माणूस हात हलवायचा तसा लाल किल्ला गरागरा फिरायचा. मला घेरी आली. पोरं मात्र आ वासून बसलेली.

मी विचारलं, "साहेब, ह्या भिंतीच्या मागं काय हाय?"

"मागचं घेतलेलं नाही, आजी."

"आन् येवढ्या मोठ्या अंगणात एकबी माणूस न्हाई? झाडतं कोण मग?"

पोरं हसली. इतिहासाचे सर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "आजी, प्रश्न शेवटी."

लाल किल्ल्यानंतर दौलताबाद झाला आणि शेवटी आपल्या जिल्ह्यातला म्हणून धारूर. मी ताठ झाले. धारूर माझं माहेर. पडद्यावर दरवाजा आला, बुरूज आले, तलाव आला. संपलं.

"आन् भुयार?" मी म्हणलं.

"भुयार नाही त्याच्यात," टायवाला बोलला.

"त्याच्यात नसंल. किल्ल्यात हाय. तळ्याच्या अंगाला तोंड हाय, वाकून जावं लागतं. मी डोळ्यानं बघितलंय."

वैशूनं माझ्याकडं असं बघितलं की जणू किल्ला मीच बांधलाय.

आठवड्यानं पेपर झाला. शाळेतून जो पहिला येईल त्याला खरी दिल्ली बघायला मिळणार होती, सगळा खर्च तो क्लास चालवणाऱ्या कंपनीचा. वैशूनं रात्रंदिवस एक केलं. पोरगी गेवराईच्या पलीकडं गेली नव्हती. आणि एका मार्कानं मागं राहिली. "धारूर किल्ल्याची चार वैशिष्ट्ये लिहा." तीन बरोबर. चौथं भुयार, त्याच्यावर लाल फुली. पहिली आली डॉक्टरांची पोरगी.

आता सांगा, मला संशय येणार नाही? चाळीस वर्षं दुकानात बसून मी खोटं नाणं आवाजावरून ओळखते. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांच्या दारात बसले.

"गुरुजी, पोरीनं खरं लिहिलं आन् तुमी कावून फुली मारली?"

इतिहासाचे सर आतच उभे होते. म्हणाले, "सीडीत नाही ते उत्तर चूक."

"तुमी गेलता का कधी किल्ल्यात?"

सर खिशातला पेन काढून बघायला लागले.

"मग चला की. दाखवते."

मुख्याध्यापकांना मला दारातून उठवायचं होतं. ते म्हणाले, "सर, रविवारी जाऊन या एकदा. सोमवारी नाव कळवायचंय."

रविवारी पहाटेची एसटी धरली. मी, वैशू आणि सर. उमापूरहून गेवराई, तिथून बीड, बीडहून वडवणी-तेलगाव करत धारूर. गेवराईपर्यंत वाळूच्या ट्रका आडव्या येतात, तेवढा वेळ धरून चाला. तेलगावच्या पुढं घाट लागतो. ज्याला गाडी लागते त्यानं पुढं बसावं आणि काही खाऊ नये. सरांनी बीडच्या स्टँडवर दोन वडे खाल्ले होते. घाटात त्यांचं काय झालं ते लिहीत नाही, मास्तर माणूस आहे.

मी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची कळशी घेतली होती. तुम्हीही घ्या, किल्ल्यात घोटभर पाणी विकत मिळत नाही. दसरा-दिवाळीच्या मधे गेलात तर बाजारात सीताफळं स्वस्त. वरची चांगली आणि खालची किडकी असतात, तेव्हा पाटी उलटी करायला लावा.

गावापासून किल्ला चालत जाण्यासारखा आहे. दरवाजापाशी पोचलो. वैशू म्हणाली, "आजी, तू पुढं हो."

मी पुढं झाले. आत बाभळी, निवडुंग, शेळ्यांच्या लेंड्या. पडद्यावर ह्यातलं काही नव्हतं. मी डावीकडं वळले, तिथं भिंत लागली. उजवीकडं गेले तर उतार. सर विचारायचे, "इकडंच ना, आजी?" मी म्हणायचे, "इकडंच." तळं सापडलं. त्याच्याभोवती दोन फेऱ्या झाल्या. एक बाई शेळ्या राखत बसली होती. तिला विचारलं.

ती तोंडाला पदर लावून हसली. "भुयार व्हय? माझा आजा सांगायचा, सासरा सांगायचा. दाखवलं कुनीच न्हाई. आत्या, तुमाला घावलं तर मलाबी हाक मारा. शेळ्या बांधाया बरं हुईल."

ऊन चढलं. सर दगडावर बसले, घाम पुसला आणि हळूच म्हणाले, "आजी, जाऊ द्या. मी तो एक मार्क देतो. दोघींचे मार्क सारखे होतील, चिठ्ठी टाकू. मी किल्ला आज पहिल्यांदा बघितला, तेवढं शाळेत बोलू नका."

एवढ्या सहज कुणी काही देत असेल तर मी आधी त्याचा हात बघते. पण त्या दिवशी माझाच हात स्वच्छ नव्हता. तोंडाशी 'द्या' असं आलंच होतं.

वैशू म्हणाली, "पण सर, भुयार सापडलं नाही ना अजून. आजी, तू आत गेलतीस तेव्हा तळं कोणत्या हाताला होतं?"

मी उत्तर शोधायला लागले आणि सापडेना. कारण त्या दरवाजाच्या आत माझा पाय त्याच दिवशी पहिल्यांदा पडला होता. लहानपणी आम्ही पोरी दरवाजाबाहेर सीताफळांच्या पाट्या घेऊन बसायचो. वर पोरं जायची. पोरींना मज्जाव. थोरला भाऊ संध्याकाळी खाली यायचा आणि सांगायचा: तळ्याच्या अंगाला तोंड, वाकून जावं लागतं. त्यानं बघितलं होतं का, देव जाणे. मी मात्र तेच इतक्या वेळा, इतक्या जणांना सांगितलं, की माझ्या डोळ्यांपुढं ते तोंड अजूनही दिसतं. आत अंधार, वर एक चीर.

"मी न्हाई गेलते आत," मी म्हणलं. "भावानं सांगितलेलं."

सर उठून उगाच बुरूज बघायला गेले. तेवढी समज होती त्यांना.

वैशू रडली नाही. तीही सरांच्या मागं तटावर चढली. मी गुडघे धरत पोचले तेव्हा दोघं खाली वाकून बघत होते. तिन्ही अंगांनी दरी. लांब घाटाचा रस्ता, त्याच्यावर एक एसटी, काड्याच्या पेटीएवढी.

"सर," ती म्हणाली, "इथून येणारा प्रत्येक माणूस दिसतोय. म्हणून इथं बांधलाय होय? हे तर कॉम्प्युटरनं सांगितलंच नाही."

"मीही नाही सांगितलं," सर म्हणाले.

धपाटे आम्ही तिथंच खाल्ले. सरांनी तीन खाल्ले, वडे निघून गेले होते ना. उतरताना ती त्यांना म्हणाली, "मार्क नको. चूकच आहे माझं." मी रिकामी कळशी उचलली. बोलायला तोंड नव्हतं. एरवी माझं तोंड सगळा बाजार ओळखतो.

सोमवारी डॉक्टरांच्या पोरीचं नाव गेलं. मुख्याध्यापकांना मी जाऊन सांगितलं, गुरुजींची फुली बरोबर होती. सर किल्ल्यात पहिल्यांदा गेले हे मात्र नाही सांगितलं. ते त्यांनीच पुढच्या तासाला वर्गात सांगितलं म्हणे, आणि फळ्यावर दरी काढली.

वैशू आठ दिवस बोलली नाही. मला वाटलं दिल्लीचा राग. नवव्या दिवशी दुकानात येऊन म्हणाली, "दिल्लीचं काही नाही. तू 'डोळ्यानं बघितलं' म्हणालीस."

कॉम्प्युटरचा संशय मला अजून आहे. जो मागची भिंत दाखवत नाही त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण त्या महिन्यात मी तिला निजामाच्या रझाकारांच्या वेळचं काही सांगायला बसले, आमच्या गल्लीत घोडे कसे शिरले ते. दोन वाक्यं झाली नाहीत तोच तिनं मला थांबवलं.

"आजी, बघितलंस का ऐकलंस?"

मी आठवून बघितलं. घोडे ऐकले होते, टापा, दाराच्या आतून. बघितलं होतं ते एवढंच, की आईनं चूल विझवली. तेवढंच तिला सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं.