कृष्णकमळाची फळं

कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला न्यायला निघाले आणि पायाखाली फटकन काहीतरी फुटलं. आंबटगोड वासावरूनच कळलं, कुंपणावरच्या रानटी पॅशनफ्रूटचं फळ. हल्ली ती इतकी पडतात की उचलायचंही जिवावर येतं.

ही वेल इथलीच, अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या मातीतली. २००५ साली सासूबाई सहा महिन्यांसाठी इथे अल्फारेटाला आमच्याकडे आल्या, तेव्हा तिचं जांभळं फूल बघून हरखल्याच. "अगं, हे तर आपलं कृष्णकमळ! हे कौरव, हे पाच पांडव." मग रोज सकाळी उमललेलं प्रत्येक फूल देवापुढे. मी ऑफिसातून दमूनभागून यायचे आणि रिकामी वेल बघायचे.

एकदा न राहवून म्हणाले, "अहो आई, एखादं तरी ठेवा ना. फळ कसं धरणार?"

"देवाला नको का?" त्या शांतपणे म्हणाल्या.

त्या परत पुण्याला निघाल्या, ती सप्टेंबरची सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. बॅगा गाडीत ठेवून झाल्या होत्या. कुंपणावर एकच फूल होतं आणि त्यात एक भुंगा परागानं माखून लोळत होता. सासूबाईंनी सवयीनं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"राहू दे आज," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी येईन तेव्हा फळाची चव बघू."

पुढची वेळ आली नाही.

डबा ठेवला, चप्पल गवताला पुसली. घरात फुलं तोडणारं कोणी नाही, म्हणून आता वेलीला एवढी फळं धरतात.