दारापर्यंतचे मंत्री

सी यासीन यांनी पहिल्याच दिवशी एक-दोन-तीन म्हणत चालायला नकार दिला. "आकडे लहान मुलांसाठी असतात," असं म्हणून त्यांनी वॉकर पुढे सरकवला, एक नाव उच्चारलं आणि पाऊल टाकलं. दुसरं नाव, दुसरं पाऊल. मला वाटलं, नातवंडांची नावं घेताहेत. त्यांच्या लेकीने, लैलाने, मागाहून सांगितलं की ती त्यांच्या देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांची नावं होती, स्वातंत्र्य मिळाल्यापासूनची, ओळीने. आणि त्या ओळीत सी यासीन स्वतःही होते.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची कराडची, पण बहारीनमध्ये किती वर्षं झाली ते मोजायचाही आता कंटाळा येतो. सकाळ तुबलीच्या क्लिनिकमध्ये काढायची, दुपारनंतर घरोघरी जाऊन माणसं उठवायची, बसवायची, चालवायची. जनाबियातला त्यांचा व्हिला माझ्या दिवसातला शेवटचा. तिथे पोचेपर्यंत ट्रॅफिकने माझाच जीव मेटाकुटीला आलेला असायचा. त्यांना उभं करायला वाकले की माझी कंबर आधी कुरकुरायची. ते ओळखायचे. "बस, बिन्ती. आधी चहा. दमलेल्या माणसाने दमलेल्याला उचलू नये, दोघंही पडतात." बिन्ती म्हणजे लेकी. आणि 'सी' म्हणजे त्यांच्याकडचं 'राव'. देश उत्तर आफ्रिकेतला. त्याचं नाव लिहीत नाही, लैलाला ते नको आहे.

पॅरालिसिसने डावी बाजू गेली होती, जीभ मात्र शाबूत होती. त्या जिभेवर त्यांच्या देशाचा अख्खा इतिहास होता, पण शाळेत शिकवतात तसला नाही. पहिले मंत्री वकील होते, म्हणे. परदेशी पाहुण्यांशीही उलटतपासणी घेतल्यासारखे बोलायचे. दुसऱ्या एकांना विमानाची भीती. करार तयार असायचा आणि साहेब बोटीतून येत असायचे. एक इतके थोडे दिवस टिकले की त्यांच्या नावाची पाटी रंगवून आली तेव्हा खोलीत पुढचा माणूस बसला होता. हे सगळं ते न हसता सांगायचे. "परराष्ट्रमंत्री म्हणजे काय? घरच्यांनी चुका करायच्या आणि याने बाहेरच्यांची समजूत काढायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं, "येताना झेंडा असतो, जाताना फक्त ड्रायव्हर असतो."

स्वतःचं नाव आलं की ते थांबायचे. ती जागा बरोबर हॉलच्या मध्यावर, जेवणाच्या टेबलापाशी. तिथे खुर्ची ओढून बसायचे. "खलास." मी एकदा म्हटलं, "तुमच्यानंतर तुमच्या देशाला मंत्री मिळालाच नाही का?" त्यावर त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. मग म्हणाले, "मिळाला. माझा मित्र."

तो मित्र म्हणजे सी जमील. दोघं एका शाळेतले, एकाच वर्षी नोकरीला लागलेले. एका दुपारी सी जमील सी यासीन यांच्या घरी जेवायला आले, दोनदा मागून जेवले, वहिनींच्या हाताची तारीफ करून गेले. संध्याकाळी रेडिओवर बातमी आली: यासीन गेले, जमील आले. "त्याला जेवताना ठाऊक होतं," सी यासीन म्हणाले. "मंत्रिपदाचं सोड, ते सगळ्यांचंच जातं. पण माझ्या बायकोने त्याला आग्रह करून वाढलं, आणि तो गप्प बसून जेवला." तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. सी यासीन यांची बायको गेली, तेव्हाही नाही.

आणि एक दिवस लैलाने मला दारातच गाठलं. सी जमील इथे बहारीनमध्येच, रिफाला मुलाकडे राहायला आले होते आणि त्यांनी भेटायला येऊ का म्हणून फोन केला होता. लैलाचं मत स्पष्ट होतं, "बाबांचं बीपी बघता हे नकोच." पण आतून आवाज आला, "येऊ दे. मी दारात उभा राहून त्याला आत घेणार." मी म्हटलं, सोफ्यावर बसून भेटा की, काय बिघडतं? म्हणाले, "बिन्ती, त्याने मला पडलेलं बघायचं नाही. एवढं माझ्यासाठी कर."

झालं. माझ्या नाकी नऊ आले. हॉलच्या मध्यापासून दार चांगलंच लांब होतं, आणि नावांवाचून पाऊल टाकायचं नाही हा त्यांचा हट्ट. म्हणजे टेबलाच्या पुढे जायचं तर पुढचं नाव घ्यायला हवं. आणि पुढचं नाव जमीलचं. ते टेबलापाशी यायचे, ओठ मिटून उभे राहायचे, पाय थरथरायला लागले की बसायचे. पुन्हा पहिल्या वकिलापासून सुरुवात. मी कमरेच्या पट्ट्याला धरून उभी. असं कितीतरी दिवस. एकदा वैतागून मी बोलून गेले, "अहो, ते नाव गाळा आणि त्याच्या पुढचं घ्या." तर माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मी भलतंच काही मागितलं. "इतिहासात असं गाळता येत नाही. तो होता. माझ्यापेक्षा बराही होता, हे मला सांगायचं नाहीये, पण होता."

त्या दिवशी त्यांनी ते नाव घेतलं. हळू, कुणी ऐकू नये असं. आणि पाऊल पडलं. पुढचे मंत्री मग भराभर आले. त्यांच्याशी यांचं काही देणंघेणंच नव्हतं. दाराच्या चौकटीला हात लावून ते उभे राहिले. घामाने शर्ट भिजला होता. मला रडू आलं, मी ते लपवलंही नाही.

भेटीच्या दिवशी त्यांनी कोट घातला, टाय लैलाने बांधला. गाडी फाटकातून आत आली तेव्हा ते दारात उभे होते, वॉकर आत ठेवून काठीवर, ताठ. मी मागे, हात तयार ठेवून. गाडीतून आधी मुलगा उतरला. त्याने डिकीतून व्हीलचेअर काढली, उघडली आणि सी जमीलना उचलून तीत ठेवलं. अंगात काही उरलंच नव्हतं त्यांच्या. मान एका बाजूला कललेली, गुडघ्यांवर शाल. ती व्हीलचेअर उतारावरून वर यायला लागली.

सी यासीन यांनी डोळे न हलवता मला म्हटलं, "मला बसव."

"आत्ता?" मी म्हटलं. खरं सांगते, मला राग आला. एवढी मेहनत, आणि माणूस दोन मिनिटं उभा राहायला तयार नाही.

"लवकर. त्याला मान वर करता येत नाहीये."

लैलाने टेबलाजवळची खुर्ची दारात ओढून आणली आणि मी त्यांना बसवलं. व्हीलचेअर समोर येऊन थांबली. दोन म्हातारे, गुडघ्याला गुडघे लागतील इतके जवळ. ते त्यांच्याकडच्या अरबीत बोलले, फार थोडं. मला काही कळलं नाही. लैला मात्र वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सी यासीन पुढच्या हिवाळ्यात गेले. त्यानंतर कधीतरी मी लैलाला विचारलं, त्या दिवशी दारात काय बोलणं झालं? त्या जुन्या जेवणाचा विषय निघाला का?

"नाही," ती म्हणाली. "बाबांनी विचारलं, दमलास? ते म्हणाले, फार. मग बाबा म्हणाले, मीही. आत ये, जेवून जा."