पॅरिसचं कार्ड

आमच्या पवनारच्या पोस्टमनचं ठाम मत होतं की पाकीट ज्याचं त्याचं, पण कार्ड उघडं असतं, म्हणून ते गावाचं. सायकलवर तो क्वचितच बसे. ती हाताशी धरून दारोदार थांबत, कार्डं मोठ्यानं वाचत येई.

माझा धाकटा भाऊ तेव्हा लंडनला शिकत होता. त्याचं पॅरिसहून चित्राचं कार्ड आलं. माझ्या हाती पडेपर्यंत त्यावरचा लोखंडी मनोरा अर्ध्या गावानं पाहिला होता आणि मागच्या अक्षरांवर कुणाचं तरी हळदीचं बोट उमटलं होतं.

"शनिवार-रविवार सुट्टी होती, म्हणून भाऊसाहेब पॅरिसले गेलते," पोस्टमन मलाच सांगू लागला. "तुमी सुट्टीत काय करता, मास्तर?"

"कपाशीचं निंदण."

तो हसला नाही. "दोघायत हुशार तर तुमीच होते. मंग तुमी काऊन नाई गेले?"

शेत कुणीतरी पाहायचं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. मी ते कार्ड त्याच्यादेखत मनोऱ्याच्या मधोमध फाडलं. तो माझ्या हातांकडे बघत राहिला आणि सायकल धरून निघून गेला.

महिन्याभरानं ब्रुसेल्सचं कार्ड आलं. त्या दिवशी तो कुठंही न थांबता सरळ माझ्या दारी आला. कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं.

"कोणालेच नाई दाखवलं, मास्तर," तो हळूच म्हणाला. "आन् त्या दिवसाचंबी कोणाले नाई सांगतलं."

त्यापेक्षा त्यानं ते गावभर वाचलं असतं तर बरं झालं असतं.