कॅम्पवाली आजी

आमची आजी कुणालाही भेटली की आधी त्याच्या बुबुळांकडं बघायची. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात नवरदेवाचे आजोबा मांडवात आले. सगळ्यांनी हात जोडले. आजीनं मात्र त्यांची हनुवटी धरली, तोंड उन्हाकडं वळवलं आणि म्हणाली, "जय भीम दादा. ह्यो डोळा पुरा पिकलाय. आता सोयरे झालो, तुमाला सोडत न्हाई." पंधरवड्यात म्हातारा हिंगोलीच्या दवाखान्यात डोळ्याला हिरवी पट्टी बांधून आजीच्या पिशवीतली केळी खात बसला होता.

बाळापूरजवळच्या आमच्या गावात तिला सगळे 'कॅम्पवाली आजी' म्हणायचे. हिंगोलीला मोतीबिंदूचा फुकट कॅम्प लागला की म्हाताऱ्या माणसांना गोळा करायचं, काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून न्यायचं, उशाशी बसायचं आणि काळा चष्मा घालून घरी पोचवायचं, हे काम आजोबा गेल्यावर तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. विहारात पौर्णिमेची वंदना संपायच्या आत ती दारात आडवी उभी राहायची, म्हणजे कुणी निसटायला नको. तिथून मारुतीच्या पारावर, मग मशिदीजवळच्या टपरीवर. एकदा एका शहाण्यानं तिला सुचवलं की आपण आपल्या लोकांचं बघावं, बाकीच्यांचं ते बघतील. आजी म्हणाली, "मोतीबिंदू काय जात इचारून येतो का रे बापा?" पुढच्या कॅम्पला आजीनं त्याच्याच आईला गाडीत बसवलं.

बायकांची परीक्षा घ्यायची तिची रीत ठरलेली होती. ताटात मूठभर तांदूळ घ्यायचे, त्यात दोन-चार खडे टाकायचे आणि ताट पुढं सरकवायचं. "निवड." ज्या बाईच्या हाताला खडे लागले नाहीत, ती कॅम्पला जाणार. आमच्या गल्लीतली गयाबाई तर दवाखान्याच्या रांगेतून पळून परत गाडीत जाऊन बसली होती. आजी शांतपणे तिच्या शेजारी बसली. "चल घरी. धरून चालायला भिंती हायेतच की." गयाबाई तिला शिव्या देत खाली उतरली आणि त्या दिवसापासून तिची जन्माची मैत्रीण झाली.

हे सगळं चालायचं कारण घरात माझी आई होती. चूल, म्हशी, आम्ही लेकरं आणि अवेळी आलेले आजीचे पेशंट, सगळं तिच्या गळ्यात. आई बोलायची कमी. वर्षातून एखाद्या वेळी सासूला म्हणायची, "आत्या, घरातबी माणसं हायेत." आजी पायात चपला सरकवत म्हणायची, "हायेत म्हणून तर जाऊन राहिले!"

मी नांदेडला शिकत होते तेव्हाची गोष्ट. सुट्टीत घरी आले तर आजी ओट्यावर कुणाला तरी तांदूळ निवडायला लावत होती. बाईनं ताट परत दिलं. आजी त्यात डोकावली आणि थांबली. दाराआडून ताटाकडं बघत आई खोकली. लगेच आजी म्हणाली, "खडा राह्यला बघ."

असं दोनदा झालं तेव्हा मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. "लई दिवस झाले," आई म्हणाली. "आत्या आवाजावर माणसं वळखतेत. घरातली एक वस्तू मी इकडची तिकडं करत न्हाई, म्हणून निभतंय. पण परवा बाळापूरच्या फाट्यावर ट्रकखाली जाता जाता वाचल्या."

"मग आजीलाच कॅम्पला का नेत नाहीस?"

"किती येळा म्हणले! म्हणतेत, माझाच डोळा बिघडला तर मागून कोण यील? बराबर हाय ते." आईनं आवाज खाली आणला. "पण खरं सांगू? सुईला भेतेत."

मला हसू आलं. आईला नाही आलं.

कॅम्पच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे जाणारे आमच्या अंगणात जमायचे. त्यांचा चहा आजी स्वतःच्या हातानं करायची, त्यात कुणाला हात लावू द्यायची नाही. त्या दिवशीही तिनं पातेलंभर कोरा चहा केला. आदरापोटी सगळे गुमान पीत होते, आणि एकेकाचं तोंड कसंनुसं होत होतं. शेवटी दुसऱ्या डोळ्यासाठी निघालेल्या गयाबाईनं कप खाली ठेवला.

"मावशी, ह्यात मीठ हाय."

"तुझ्या तोंडाची चव गेली आसंल." आजीनं आपल्या कपातला घोट घेतला. मग उठली, आत जाऊन डब्यात बोट घातलं, चाटलं आणि तिथूनच ओरडली, "डबा कोणी हलवला?"

"मी," आई म्हणाली. "मीठ-साखर दिसंना, म्हणजे ट्रकबी दिसत न्हाई. उद्या गाडीत बसायचं ते डोळा दाखवायला म्हणून बसायचं, न्हेणारी म्हणून न्हाई. न्यायला मी येते."

आईला एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आजीनं आशेनं गयाबाईकडं तोंड केलं. गयाबाईनं रिकामं ताट आणि मूठभर तांदूळ मागवले. अंगणात असा हशा पिकला की आजीलाही हसावं लागलं, आणि तिथंच ती हरली.

आजवर आजीनं प्रत्येक पेशंटला सांगितलं होतं की सुई म्हणजे मुंगी चावल्यासारखी. आपला नंबर आला तेव्हा तिनं आईचं मनगट घट्ट धरलं. "मुंगी केवढी असती गं?"

"बारकी," आई म्हणाली. "लाल न्हाई, काळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. आम्हाला वाटलं, आता ही आजूबाजूच्या खाटांवरच्या लोकांचे डोळे तपासायला लागणार. ती मात्र खाटेपाशी पिशवी धरून उभ्या असलेल्या आईकडं बघत राहिली. धावपळीत आईचा डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता.

"हे केस कधी पिकले गं तुझे?"

आई पदर सारखा करत हसली. "लई दिस झाले आत्या."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी घरी होतात कुठं?"

आईनं सहज म्हटलं, त्यात रागाचा लवलेशही नव्हता. पण आजीला ते लागलं. तिनं आईला खाटेवर बसवलं, आणि नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेली ती म्हातारी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवत बसली.

त्यानंतरही ती कॅम्पला गेली, थकेपर्यंत गेली. पण आठवड्यातून एक दुपार तिनं घरासाठी राखून ठेवली. आई ओट्याच्या पायरीवर खाली बसायची, आजी वर, आणि खोबरेल तेलाची वाटी मध्ये. कुणी बोलवायला आलं तर आजी तिथूनच सांगायची, "थांबा. माझ्या लेकराच्या डोक्याला तेल लावून राहिले." पन्नाशीतलं लेकरू डोळे मिटून, मान खाली घालून बसलेलं असायचं. आईची आई ती लहान असतानाच गेली होती.

आजी गेली त्या दिवशी काळे चष्मे लावलेली कितीतरी माणसं अंगणात बसून तिच्या गोष्टी सांगत होती. अधूनमधून हसूही फुटत होतं, कारण गोष्टीच तशा होत्या. आई सगळ्यांना पाणी देत फिरत होती. संध्याकाळी अंगण रिकामं झालं तशी ती माझ्याजवळ पायरीवर येऊन टेकली. केसांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली,

"आता मला लेकरू कोण म्हणील गं?"