पडद्याआड दिलेलं पहिलं मत

मंडळी, युनिव्हर्सिटीतल्या लॅबच्या कॉम्प्युटरवरून आपल्या न्यूजग्रुपवर लिहितेय. आज, चौऱ्याऐंशीच्या या निवडणुकीत, मी इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये पहिल्यांदा मत दिलं.

सिटिझनशिप घेतली ती मतासाठी नव्हेच. धाकट्या भावाला नागपूरहून इकडे स्पॉन्सर करायचं होतं. मागच्या आठवड्यात तार आली, तो गेल्याची.

घरी मुलं, लॅबमध्ये माणसं; रडायला जागाच नव्हती. आज बूथचा पडदा ओढला, समोर राष्ट्राध्यक्षापासून आमदारापर्यंत नुसती नावं, आणि मला हुंदका फुटला.

बाहेरून मतदान केंद्रावरच्या बाईंनी विचारलं, "मशीन अडलं का?"

"नो, आय ॲम ओके," म्हटलं. डोळे पुसले, मत दिलं.

बाहेर येताच, नव्या नागरिकाचं पहिलं मत म्हणून, सगळ्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या.

ज्याच्यासाठी हा देश आपला म्हटला तोच नाही. सांगा, आता या देशाचं मी काय करू?