सव्वासव्वीस शेर

देवीवर माझा विश्वास नव्हता असं मी म्हणणार नाही. विश्वास होता, पण त्याच्या जोडीला एक समजूत होती आणि त्या समजुतीनंच मला बुडवलं. मला वाटे, आमची कानबाई तापीकाठची देवी. म्हसावदच्या घरात, शहाद्याच्या बाजारात काय चाललंय ते तिला दिसत असेल. पण कलकत्त्याहून आगबोटीत बसून माणूस तीन दिवस समुद्र ओलांडून गेला की तो तिच्या नजरेबाहेर जात असावा. या आडोशाला मी सहा वर्षं रंगूनमध्ये राहिलो. आज केस पिकल्यावर हे लिहितो आहे, ते मन मोकळं व्हावं म्हणून. वाचणाऱ्याला हसू आलं तर त्यानं खुशाल हसावं. माझी बायको अजून हसते.

तळोद्याच्या लाकूड वखारीत सागाची मापं घ्यायचं काम मी करत असे. तिथून एका शेटजींनी मला रंगूनच्या त्यांच्या वखारीवर नेलं. बायको आणि दोन मुलं मागून आली. मोठा सोपान, आणि धाकटा तेव्हा तान्हा होता. निघताना माझ्या आईनं एकच गोष्ट मागून घेतली होती. श्रावणात कानबाई चुकवायची नाही.

खानदेशाबाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालून, शालू नेसवून तिची स्थापना करतात. नैवेद्याच्या गव्हाला आम्ही रोट म्हणतो. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन गहू मोजायचे, आमच्या घराण्यात माणशी सव्वा शेर, आणि ते घरच्याच जात्यावर दळायचे. त्या पिठाच्या पुरणपोळ्या भाऊबंदांनी बसून खायच्या. परक्या कुळाच्या तोंडी तो घास जाता कामा नये. पौर्णिमेच्या आत सगळं संपलं पाहिजे. अगदीच उरलं तर खड्डा करून पुरायचं, पण ते घराला कमीपणाचं.

रंगूनमध्ये मी एकदाही कानबाई बसवली नाही. आणि दर श्रावणात आईला पत्र टाकलं की, कानबाई थाटात बसली, रोट झाले, सगळे आनंदात आहेत. पहिल्या वर्षी मी हे एका ओळीत उरकलं. तिसऱ्या वर्षी मी पत्रात देवीला शालूचा रंगही दिला.

न बसवण्याचं कारण मी बायकोला सांगत असे ते जागेचं. खरं कारण दगाभाऊ. हा माझा सख्खा चुलत भाऊ. आमच्या वडिलांचं आणि काकांचं शेताच्या बांधावरून बिनसलं आणि दोन घरांचे रोट वेगळे झाले, म्हणजे नातंच तुटलं. पुढे दगा भावांना घेऊन ब्रह्मदेशात आला आणि पेगूला करवतीनं लाकूड कापायच्या कामाला लागला. मी रंगूनला आल्याचं कळल्यावर तो पहिल्याच श्रावणात माझ्या खोलीवर आला. अंगावर भुसा, हातात केळ्यांचा फणा. कानबाई बसवणार का, एवढंच त्यानं विचारलं. माझ्याकडे तेव्हा शेटजींचे मुनीम बसले होते. मी दगाभाऊला व्हरांड्यात चहा दिला आणि जागा नाही म्हणून सांगितलं. तो चहा पिऊन, बशी पालथी घालून निघून गेला. बायको तेव्हा गावाहून आलेली नव्हती. मी तिला हे कधी सांगितलं नाही. कानबाई बसवली तर दगाला बोलवावं लागेल, म्हणून मी कानबाईच बसवली नाही.

सातव्या वर्षी श्रावण लागायच्या आधी आईचं पत्र आलं. आई निरक्षर, शाळेचे मास्तर लिहून देत, पण शब्द तिचेच ठेवत. सोपान आता दहा वर्षांचा होता. त्यानं ते पत्र बायकोसमोर मोठ्यानं वाचलं, हीच पहिली ठेच. पत्रात होतं, “तू तठे कानबाई बसाडस, म्हणीसन मी आठे तुन्हा आन् तुन्हा पोरेसना नावना गहू मोजत नही. एक मानूस दोन जागावर मोजतस नही.”

बायकोनं पत्र दोनदा वाचायला लावलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षं माझी दोन मुलं देवीपुढे ना इथं मोजली गेली होती, ना तिथं. त्या उन्हाळ्यात धाकटा तापानं महिनाभर अंथरुणावर होता आणि नुकता कुठे परत हिंडायला लागला होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, यंदा कानबाई बसेल.

माझ्यासारख्या माणसाला पश्चात्ताप झाला की तो मापात होत नाही. शुक्रवारी नागपंचमीला बायको धाकट्याला न्हाऊ घालत होती तेव्हा मी पाटावर बसलो, हात जोडले आणि गहू मोजायला घेतले. आम्ही तीन पुरुष. पण चुकलेल्या सहा वर्षांचं काय, असं मनात आलं. मी एकेका वर्षासाठी तिघांची नावं घेत गेलो. तीन माणसं, सात वर्षं, माणशी सव्वा शेर. लाकडाची मापं घेण्यात माझं आयुष्य गेलेलं, त्यामुळे चूक होण्याचा संभव नव्हता. सव्वासव्वीस शेर गहू झाले. माझे डोळे भरून आले होते. मन इतकं हलकं झालं होतं की पोतं रिकामं झाल्याचं लक्षातच आलं नाही.

बायको आली. ओल्या हातांनीच तिनं रिकामं पोतं उचलून पाहिलं. मी म्हटलं, थोडे परत पोत्यात टाकू का?

“नाव लिसन मोजेल गहू परत पोतामा जातस का?” ती म्हणाली. “आते खावा.”

खाणारी आम्ही चार माणसं. त्यांतला एक चिमणीएवढं खाणारा.

दोन दिवस आम्ही दोघं पाळीपाळीनं दळत होतो. रविवारी कानबाई बसली, सोमवारी नारळ नदीवर नेऊन विसर्जित केला, आणि मग खाणं सुरू झालं. सकाळी पुरणपोळी, वखारीच्या डब्यात पुरणपोळी, संध्याकाळी पुरणपोळी. बुधवारी सोपानच्या पोटात दुखायला लागलं. शाळा चुकवायला तो अशी कारणं काढी, पण या वेळी ते जेवण चुकवायला होतं. गुरुवारी मी वखारीत ओंडक्याचं माप घेताना बसल्या जागी झोपलो. त्यातच शेजाऱ्यांची अडचण. खाली आमची घरमालकीण मा ठिन राहत असे. सहा वर्षं तिच्याकडून केळीच्या पानात शिजवलेला गोड भात आमच्याकडे येई. आता तुपाचा आणि वेलदोड्याचा वास जिना उतरून तिच्या घरात जात होता आणि आमचं दार बंद. शुक्रवारी ती जिन्यात मला म्हणाली, “बाबू, तुम खाता, हम सूंघता.” मी तिला कुळाचा नियम समजावू लागलो. माझ्या मोडक्या हिंदुस्तानीत तो मलाच पटेना.

शनिवारी बायकोनं पिठाचा डबा मोजला. अठरा शेर उरलं होतं. पौर्णिमा सोमवारी. आता पुरण्यावाचून गती नव्हती, आणि तिसऱ्या मजल्यावर माती कुठून आणायची? तेव्हा बायकोनंच काढलं की मुलांना पेगूचा निजलेला बुद्ध दाखवायचं राहिलंय. उद्या जाऊ, तिथं मोकळी जमीन असेल. पेगूचं नाव ऐकून मला दगाभाऊ आठवला. पण नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. रविवारी सकाळी आम्ही आगगाडीत बसलो. सहलीला जाणारं दुसरं कुठलंही कुटुंब सोबत अठरा शेर पीठ आणि खुरपं घेत नसेल.

बुद्धाची मूर्ती फार मोठी आहे. एका कुशीवर, हातावर डोकं टेकून तो स्वस्थ निजला आहे. मी बराच वेळ पाहत राहिलो. जेवून पडल्यासारखा वाटला, आणि मला त्याचा हेवा वाटला. मग बायको आणि मुलांना तिथं बसवून मी डबा उचलला आणि हिंदी व्यापाऱ्यांच्या धर्मशाळेमागे चिंचेखाली खड्डा खणू लागलो. पावसानं माती मऊ होती, पण मन घट्ट होत नव्हतं. एकेक खुरप्याबरोबर वाटे, ही मी माझ्या मुलांची नावं पुरतो आहे.

हातभर खणलं असेल तोच मागून ओरडा आला. एक म्हातारा बर्मी माळी धावत आला, त्याच्यामागून चार बायका, मग दहा माणसं. देवळाजवळ परका माणूस चोरून खणतो आहे, जवळ झाकलेला डबा. त्यांना काय वाटलं असेल ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. एकानं माझं मनगट धरलं. मला बर्मी भाषेत येत होतं ते लाकडाच्या जातींपुरतं. मी बर्मीत ‘साग, साग’ म्हणालो. त्यानं काही सुधारलं नाही. बायको मुलांना घेऊन धावत आली आणि तिनं सगळ्यांसमोर, आमच्या बोलीत, माझी खरडपट्टी काढायला सुरुवात केली.

तेवढ्यात धर्मशाळेच्या ओसरीवर भांड्यांना कलई करत बसलेला एक म्हातारा उठला. पांढरी दाढी, हात नवसागरानं पांढरे झालेले. तो गर्दीतून आला, वाकला, डब्याचं झाकण उघडलं, चिमूटभर पीठ नाकाशी नेलं. मग माझ्याकडे बघून स्वच्छ अहिराणीत म्हणाला, “काय वो भाऊ, कानबाईना रोट शेतस ना हाई?”

मला रडू फुटलं. ते नंदुरबारचे कलईवाले चाचा निघाले. चार पिढ्या त्यांच्या घरानं आमच्याकडच्या गावागावांतली भांडी चमकवली होती. मी त्यांना सगळं सांगितलं. इतक्या लोकांसमोर, मनगट दुसऱ्याच्या हातात असताना, सहा वर्षांचं खोटं मी भडाभडा ओकलो. चाचांनी गर्दीला बर्मी भाषेत दोन वाक्यं सांगितली. माझं मनगट सुटलं. म्हाताऱ्या माळ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी चाचांना विचारलं, काय सांगितलंत? ते म्हणाले, हा आईशी खोटं बोलला आणि आता त्याला भाकर गिळवत नाही, असं सांगितलं. हे कुठल्याही मुलखात कळतं.

मी भानावर नव्हतो. ओंजळ भरून पीठ त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतले.

“माले नका देऊ. मी तुमना भाऊबंद नही, माले तुमना कायदा ठाऊक शे,” ते म्हणाले. “पन म्हसावदना दगा करवतीवाला आठेच ऱ्हास. दोन गल्ल्या सोडीसन. तो तुमना कोन लागस?”

बायको माझ्याकडे पाहू लागली. मुलंही पाहू लागली. मला वाटलं, तो निजलेला बुद्धही मान वळवून पाहतो आहे. मी म्हटलं, चुलत भाऊ लागतो. आणि तो इथं राहतो हे मला ठाऊक होतं.

चाचांनी डबा उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि पुढे चालू लागले.

दगाभाऊच्या अंगणात त्याचे तीन भाऊ, दोन तरणे मुलगे आणि दोन घरच्या बायका होत्या.  मी डोक्यावरचा डबा खाली ठेवला. दगाभाऊनं झाकण उघडून पाहिलं.  मग म्हणाला,

“इतलंच आनं का, भाऊ?”

त्याच्या बायकोनं चूल पेटवली. माझ्या बायकोनं पदर खोचला. करवत ओढणारी माणसं कशी जेवतात हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. गाव सोडल्यापासून नऊ वर्षांनी ते रोट खात होते. मध्येच एकाचा हुंदका येई आणि तो त्याच हुंदक्याबरोबर पुढचा घास गिळे. रविवारी दोन वेळा आणि सोमवारी दुपारी जेवणं झाली. वखारीचा दिवस बुडाला. चंद्र उगवायच्या पुष्कळ आधी दगाभाऊच्या धाकट्या मुलानं डबा पालथा करून ठोकला. निघताना दगाभाऊनं मला चहा दिला, व्हरांड्यात. मी बशी पालथी घातली. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

अशा अनुभवांत तो परका माणूस नंतर कुणाला दिसत नाही, असं मी वाचलं आहे. आमचे चाचा मात्र दर दोन महिन्यांनी रंगूनला येत, आमची भांडी कलई करून देत आणि माझ्या बायकोशी माझ्याबद्दल बोलत बसत. तरीही ते त्या दिवशी त्याच ओसरीवर का होते, याचं उत्तर मी शोधत नाही.

मी आईला आठ पानांचं पत्र लिहिलं. काहीही लपवलं नाही. पुरणाचा वास आला तरी मळमळतं, हेही लिहिलं. तिचं उत्तर आलं ते अर्ध्या पानाचं. या वेळी मीच ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं.

“ज्याना घर रोट व्हतस तो पुरनले इटी जास. सहा सालमा तू कधी इटना नही, तव्हयच माले समजनं. तुन्हं आन् पोरेसनं नाव मी एक साल बी सोडं नही. मोजत नही अशी लिखं ते खोटं. तू सहा साल खोटं लिखं, मी एकदाव लिखं.”

मी पुरणाला कधी विटलो नाही यावरूनच तिनं माझं खोटं ओळखलं होतं, म्हणजे ती चुकलेली सहा वर्षं चुकलीच नव्हती. साडेबावीस शेर गहू मी उगाच मोजले होते. मी मापं घेत बसलो होतो तेव्हा कुणीतरी आधीच मला मोजून ठेवलं होतं. समुद्र मध्ये असला म्हणून त्या मापात फरक पडला नव्हता.

आता आम्ही म्हसावदला आहोत. आई नाही. दगाभाऊही परत आला. बांध अजून वादात आहे, पण रोट एका जात्यावर दळले जातात. श्रावणात गहू मोजायची वेळ आली की मी हात जोडून बाजूला बसतो. मोजते बायको.